पूरबटोलीचा नळ

कसारपूरच्या कमेटीत शालीकराम नावाचा एक क्लार्क होता आणि गावाला किती पाणी लागतं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कसारपूर म्हणजे गोंद्याहून निघणाऱ्या छोट्या गाडीचं तिसरं ठेशन. चार राइस मिला, एक बाजारओळ आणि चहूबाजूंनी धानाच्या बांध्या. म्युनिसिपालिटीला तिथं सगळे कमेटीच म्हणत. तिचं वर्षाचं बजेट दर माघात शालीकराम लिहायचा. त्यात पाणी आणि नाल्या ही दोन खाती सगळ्यांत किचकट. इंजिनाला तेल किती, ड्रायव्हरला पगार किती, फुटक्या पायपांना किती, नाल्या उपसणाऱ्यांना किती, हे आधी वर्षभराचं धरायचं आणि मग पट्टी किती वसूल होईल त्याच्याशी जमवायचं. बाकीचे बाबू त्या खात्यांना हात लावायला भीत. शालीकराम मात्र एका आण्याचा फरक सापडेपर्यंत जेवायला उठत नसे. असा नाकासमोर चालणारा माणूस, आणि त्यानं एका टोलीला, म्हणजे गावाबाहेरच्या एका वस्तीला, सलग चार वर्षं लबाडीनं नळाविना ठेवलं.

ते कसं झालं हे सांगायचं तर पन्नास सालच्या पौषापासून सुरुवात करावी लागते. कमेटीनं तेव्हा ठरवलं होतं की गावात नळ आणायचे. नदीच्या पात्रात विहीर, तिच्यावर तेलाचं इंजिन, टेकाडावर टाकी, आणि मग दरवर्षी पैसा पुरेल तशी एकेका टोलीपर्यंत पायपाची ओळ. नागपूरचा ओव्हरसियर येऊन सांगून गेला की कोणत्या टोलीला रोज किती पाणी लागतं त्याचा तक्ता आधी द्या, खर्च मग काढू. आता पाणी मोजायचं कसं? मेंबरांनी एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून शालीकरामकडं पाहिलं.

त्यानं आपल्या परीनं तोड काढली. कचेरीसमोर कमेटीची मोठी बांधीव विहीर होती, निम्मं गाव तिच्यावर पाणी भरायचं. शालीकराम आठ दिवस, उजाडल्यापासून दुपारपर्यंत, विहिरीजवळच्या बोरीखाली स्टूल टाकून बसला. येईल त्या बाईला टोली विचारायची आणि तिच्या प्रत्येक गुंडामागं, म्हणजे पाण्याच्या हंड्यामागं, वहीत एक रेघ ओढायची. गावानं त्याची यथेच्छ टिंगल केली. पाण्याचं निमित्त करून बाबू बायका मोजतो, असं मिलवरचे हमाल बोलत. शालीकराम खाली मान घालून रेघा ओढत राहिला.

तिसऱ्या दिवशी एक बाई आली. तिशीच्या आतबाहेरची, अंगानं काटक, कपाळ मोकळं, डोक्यावर पितळी गुंड. त्यानं टोली विचारली.

“पूरबटोली,” ती म्हणाली. “अना तुमी काय लिवून राहिले जी?”

“पानी मोजून राहिलो.”

“पानी का मोजाची गोष्ट हाये?” तिनं डोल विहिरीत सोडला, गुंड भरला आणि त्याच्याकडं वळून म्हणाली, “मंग माहा बराबर लिवा. काठोकाठ हाये. बाकीच्या बाया गळ्यापर्यंतच भरतेत अना रेघ पुरी घेतेत.”

शालीकरामनं उठून गुंडात डोकावून पाहिलं. होता खरा काठोकाठ. त्याला हसू आलं, आणि आपल्याला हसू आलंय याचं त्याला जास्त नवल वाटलं. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं. त्याला आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून तो बाजारओळीतल्या एका खोलीत आपला भात आपणच शिजवायचा आणि सदऱ्याच्या गुंड्या आपणच लावायचा.

“पूरबटोली तं लय दूर पडते,” तो म्हणाला. “पाऊन कोस तरी असन.”

“अठच्या पान्यात दाल लवकर शिजते,” असं म्हणून तिनं गुंड डोक्यावर चढवला आणि चालू लागली.

कचेरीतला म्हातारा चपराशी कवडू याच्याकडून शालीकरामनं तिची माहिती काढली. एक विचारावं तर कवडू चार सांगायचा. तिचं नाव शामकला. ठेक्यानं धान करणाऱ्या दुधरामची बहीण. नवरा हैज्याच्या साथीत गेला, मूलबाळ झालं नाही, तेव्हापासून भाऊ आणि भावजय जमुनाबाई यांच्या घरी. घरचं सगळं पाणी तीच भरते. भाऊ तसा चांगला आहे. हे सांगून झाल्यावर कवडू डोळे बारीक करून म्हणाला, “जाऊन पाहू काय जी दुधरामकडे?”

खरं म्हणजे गोष्ट इथंच संपायला हवी होती. दोघं एकाच समाजाचे. त्या समाजात विधवेचा पाट लागतो, त्यात कुणी नाक मुरडत नाही. रीत एवढीच की पुरुषाकडून कुणी वडीलधाऱ्यानं बाईच्या भावाकडं जाऊन शब्द टाकायचा. शालीकरामला वडीलधारं कुणी उरलं नव्हतं, पण कवडू तयार होता. तयार नव्हता तो शालीकराम. साठ रुपये पगारावर कुणाची बहीण मागायची कशी? हेडक्लार्कची ग्रेड मिळाली, महिना पंचवीस वाढले की मग पाहू. आणि ग्रेड बजेटातून यायची, म्हणून यंदाचं बजेट पास झालं की मग पाहू. लोक मुहूर्त पंचांगात शोधतात, हा पठ्ठ्या बजेटात शोधत बसला.

तेवढ्यात त्यानं एक केलं, कचेरीत आपलं टेबल खिडकीपाशी ओढून घेतलं. खिडकीतून विहीर दिसायची. शामकला रोज सकाळी दोन खेपा करायची, पहिली कचेरी उघडताना आणि दुसरी त्यानंतर दोन तासांनी. ती खिडकीकडं कधी बघायची नाही. शालीकराम बघायचा. दुसरी खेप रस्त्याच्या वळणाआड गेली की त्याचा दिवस सुरू व्हायचा आणि एका अर्थी संपायचाही. उन्हाळ्यात खिडकीतून झळा यायच्या, मेंबर म्हणायचे बाबू आत बसा, तर हा म्हणायचा, उजेड लागतो जी.

आणि दर पौषात आठ दिवस तो बोरीखाली जाऊन पाणी मोजायचा. ओव्हरसियरनं तक्ता एकदाच मागितला होता, त्यानंतर कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. पण शालीकराम अध्यक्षांना सांगायचा, लोकसंख्या वाढून राहिली, आकडा ताजा पाहिजे. त्या आठ दिवसांत शामकला त्याच्याशी बोलायची. धान कसं पिकलं, भावाचा बैल कसा अडला, जमुनाबाईची पोरगी किती उंच झाली, असंच काहीबाही. आठ दिवस, दोन खेपा, खेपेला चारसहा वाक्यं. वर्षभर शालीकरामला तेवढी शिदोरी पुरायची. पुरायची कुठली, पुरवावी लागायची.

आता लबाडीचं ऐका. तक्त्याप्रमाणं घरांच्या हिशेबानं पूरबटोलीचा नंबर दुसऱ्याच वर्षी लागत होता. एक्कावन्नच्या माघात शालीकराम बजेट लिहायला बसला, पूरबटोली हा शब्द लिहिला, आणि त्याच्या मनात आलं की टोलीत नळ गेला तर ही बाई इथं कशाला येईल? त्यानं दौतीचं झाकण लावलं.

कायदा त्याच्या मदतीला आला. नळ द्यायचा तिथं आधी नाली पाहिजे, नाहीतर सांडलेलं पाणी साचतं, चिखल होतो, डास होतात, लोक तापानं पडतात. वरून तसा हुकूमच होता. पूरबटोलीचा उतार बांध्यांकडं, सांडपाणी शेतात गेलं तर तंटे होणार. तेव्हा नाली लांबून वळवून नाल्यात सोडावी लागेल आणि त्याला पैसा नाही, असा शेरा त्यानं मारला. जवळची वाट होती. महादेवाच्या देवळामागून सरळ खाली. ती शालीकरामला नकाशावर स्वच्छ दिसत होती आणि बाकी कुणाला शोधायची गरज वाटली नाही. बावन्नला तोच शेरा. त्रेपन्नला तोच. चोपन्नला तर त्यानं मागच्या वर्षीचा शेरा बघून उतरवून काढला.

शामकला दर पौषात एकदा तरी विचारायचीच, “आमच्या टोलीले नल कवा येनार जी?”

“नालीचं जमून नाही राहिलं,” तो वहीत बघत सांगायचा. “पुढच्या साली.”

“बरं,” ती म्हणायची आणि गुंड उचलायची. तक्रार नाही, कुरकुर नाही. शालीकरामला वाटायचं, किती सोसते ही. त्याला स्वतःची लाज वाटायची आणि त्याच वेळी आणखी एक वर्ष मिळालं म्हणून छातीत हलकंही वाटायचं. दोन्ही एकदमच वाटायचं, आणि त्याचं काय करायचं ते त्याला कळत नसे.

पंचावन्नच्या पौषात तो मोजायला बसला तर शामकला आलीच नाही. एक दिवस, दोन दिवस, आठही दिवस गेले. शालीकरामच्या रेघा चुकायला लागल्या. शेवटी कवडूनं बातमी आणली की तिला ताप आहे, बरा होऊन राहिला, पण उठवत नाही. पंधराव्या दिवशी ती खिडकीतून दिसली. हाडं वर आली होती. तिनं गुंड भरला, पण काठोकाठ नाही. डोक्यावर घेतला आणि वळणापर्यंत जाता जाता दोनदा खाली उतरवून ठेवला. दुसऱ्यांदा ती गुंडाशेजारी रस्त्याच्या कडेला बसली, पुष्कळ वेळ.

शालीकराम खिडकीत उभा होता. त्याला धावत जाऊन तो गुंड उचलावासा वाटला. गेला नाही. कचेरीतून भर रस्त्यावर परक्या बाईचा गुंड उचलायचा म्हणजे गावात तिच्याच नावाचा बभ्रा व्हायचा. तो खुर्चीवर येऊन बसला आणि त्याला आपली किळस आली. पाऊण कोस जायचं, पाऊण कोस यायचं, दोन खेपा म्हणजे तीन कोस, आणि ते रोज, कुणासाठी? आपल्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून आपण तिला चार वर्षं पाणी वाहायला लावलं. त्याच दुपारी त्यानं नवा कागद घेतला आणि वरच लिहिलं, पूरबटोली.

पायपाचे अठराशे चाळीस, देवळामागून नालीचे सहाशे. मिळून दोन हजार चारशे चाळीस. बाकी सगळं इकडून तिकडून कातरूनही तीनशे रुपये कमी पडत होते. अध्यक्ष रामलालशेठ मिलवाले. त्यांनी बैठकीत आकडा पाहिला आणि कागद बाजूला सारला.

“बडे बाबू, पूरबटोली इस साल भी रहने दो. बाजार की नाली पहले पक्की करो.”

बाजाराची नाली म्हणजे शेटजींच्या मिलवरून जाणारी नाली हे सगळ्या मेंबरांना ठाऊक होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. शालीकराम आजवर बैठकीत विचारल्याशिवाय बोलला नव्हता. तो उभा राहिला.

“शेटजी, ते टोली चार सालांपासून अटकून हाये. तक्त्यात दुसऱ्या नंबरवर होती.”

“लेकिन पैसा किधर है?”

“हाये जी,” शालीकराम म्हणाला. पाणी खात्याच्या आस्थापनेत हेडक्लार्कच्या ग्रेडचे महिना पंचवीस धरले होते. इतक्या वर्षांनी यंदा पहिल्यांदा धरले होते, आणि ते त्याच्यासाठी होते. त्यानं टाक घेतला आणि सगळ्यांसमोर त्या ओळीवर काट मारली. वर्षाचे तीनशे बरोबर निघाले.

रामलालशेठनी त्याच्याकडं चष्म्यावरून पाहिलं. आपल्या पगारावर आपणच कात्री लावणारा बाबू त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. “पागल है,” ते हसून म्हणाले आणि सही केली.

बजेट वरून मंजूर होऊन आलं त्या दिवशी शालीकराम कचेरीतून उठून विहिरीपाशी गेला. पौष नव्हता, हातात वही नव्हती. शामकला डोल ओढत होती. तब्येत आता सुधारली होती.

“तुमच्या टोलीचं नाव लागलं,” तो म्हणाला. “दिवाळीनंतर खोदाले लागतील. तुमाले आता येवा नाही लागनार.”

डोल अर्ध्यावर थांबला. तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलं. मग डोल वर घेतला.

“लागलं का नाव?” ती म्हणाली. “बरं केलं.”

आनंदानं तिला बोलता येत नसावं असं त्याला वाटलं. आपण केलं ते चांगलंच केलं, या समाधानात तो खोलीवर गेला, भात शिजवला आणि त्याला तो जाईना. आता खिडकी रिकामी राहणार. ग्रेडही गेली. पण यंदा नाही तर पुढच्या वर्षी ती परत धरता येईल. मग कवडूला पाठवायचं. एकदा बजेट पास झालं की नक्की.

दिवाळीनंतर धान कापून झालं, मजूर मोकळे झाले आणि पूरबटोलीत खोदाई सुरू झाली. त्या आठवड्यापासून शामकला विहिरीवर एक दिवसाआड दिसू लागली, मग चार दिवसांआड. पौषात नळ सुरू झाला. रामलालशेठनी नारळ फोडला, तोटी फिरवली, पाणी आलं, पोरं ओरडली. बायकांच्या घोळक्यात शालीकरामनं सगळीकडं पाहिलं. शामकला त्यात नव्हती.

त्यानंतरच्या दिवसांचं काय सांगायचं. विहीर तशीच होती, बायका तशाच येत होत्या, फक्त एक येत नव्हती. कचेरी उघडली की शालीकरामची मान आपोआप खिडकीकडं वळायची. दोन तासांनी पुन्हा वळायची. लांबून कुणी पितळी गुंड घेऊन येताना दिसलं की हातातला टाक थांबायचा, आणि ती दुसरीच कुणी निघायची. यंदा तो बोरीखाली मोजायला बसलाच नाही. कवडूनं स्टूल नेऊन ठेवलं होतं, ते दुपारी त्यानंच परत आणलं. आपल्याला एवढी ओढ लागेल याचा शालीकरामला अंदाज नव्हता, आणि अंदाज काढणं हा तर त्याचा धंदा होता.

महिनाभर त्यानं कसाबसा दम धरला. माघात एका सकाळी, टेबलावर नवं बजेट अर्धवट टाकून, तो उठला. नालीचा उतार तपासून येतो असं कवडूला सांगितलं आणि पूरबटोलीची वाट धरली. त्या वाटेनं तो आजवर कधी गेला नव्हता. टोलीचं सगळं काम त्यानं नकाशावरून केलं होतं.

टोलीत शिरतानाच एक दगडी कठड्याची विहीर लागली. दोन बाया पाणी ओढत होत्या. शालीकराम थबकला.

“बाई, हे पानी कायले भरता?” त्यानं एकीला विचारलं.

“पेवाले. अना कायले?” ती म्हणाली. “साऱ्या टोलीचं हेच पानी. गोड हाये. नल आला तं आला.”

“अना कमेटीच्या इहिरीवर?”

“तेवढ्या दूर कोन मरते जी? एक दुधरामची बहीन जाये. तिच्या घरची दाल म्हने तठच्याच पान्यात शिजते.” दुसरी बाई पदर तोंडाला लावून हसली.

शालीकराम तिथंच उभा राहिला. सहा वर्षांच्या वह्या त्याच्या डोळ्यांपुढं आल्या. बजेटात घरांचा आकडा, एकशे चार. वहीत पूरबटोलीच्या रकान्यातल्या रेघा, दर सकाळी दोन. दोनच. आणि ती तापात होती त्या पौषात एकही नाही. एकशे चार घरांच्या टोलीतून विहिरीवर माणूस एक, आणि एका आण्यासाठी जेवण सोडणाऱ्या बाबूला तो फरक सहा वर्षांत दिसला नव्हता. त्या रकान्यात तो रेघा बघतच नव्हता, तिला बघत होता.

दुधरामच्या घरासमोरच नळ होता. शामकला नळाखाली गुंड राखेनं घासत बसली होती. त्याला पाहून उठली नाही.

“नालीचा उतार पाहाले आलो,” तो म्हणाला.

“पाहा. बराबर वायते.”

“टोलीत इहीर हाये.”

“हाये.”

“मंग तुमी तठी काऊन येत होत्या?”

तिनं तोटी बंद केली. हात पदराला पुसले.

“पयल्या दिवशी दालीसाठीच आली होती जी,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवसापासून दालीचं काही नोयतं.”

तिनं घासलेला गुंड उभा करून ठेवला.

“मी दरसाल विचारो, नल कवा येनार. तुमी म्हनत होते, पुढच्या साली. मले बरं वाटे. देवळामागून नाली जाते हे टोलीतल्या पोट्ट्यालेबी दिसते, तुमाले नसन का दिसत? मी मनात म्हनो, हा मानूस माह्यासाठीच अडवून राहिला. आज ना उद्या बोलन.”

“खरं हाये,” तो म्हणाला. “तुमच्यासाठीच अडवला होता.”

“मंग यंदा काऊन देला?”

“तुमी तापातून उठल्या होत्या. रस्त्यात दोन डाव गुंड खाली ठेवला. मले पाहवलं नाही.”

शामकला गुंडाच्या तोंडावरून नुसती बोटं फिरवत राहिली. “मले वाटलं, आता मी नोको झाली. माहं येनं बंद कराचं हाये तुमाले. तुमीच तं येऊन सांगतलं, आता येवा नाही लागनार.” तिनं गुंडातलं उरलेलं पाणी ओतून दिलं. “भाऊ सालभरापासून लांजीकडची एक जागा सांगत होता. मी नाही म्हनत होती. अठी दारासमोर खोदाले लागले, त्या सांजेले मी हो म्हनलं.”

“सुपारी...?”

“फुटली. फागुनात पाट हाये.”

“मी कवडूले धाडनार होतो,” शालीकराम म्हणाला. आपला आवाज त्यालाच परका वाटला. “ग्रेड अटकली होती. म्हनलं, बजेट पास झालं का...”

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“सहा बजेट पास झाले जी,” ती म्हणाली.

“नोको जाऊस, शामकला.” इतक्या वर्षांत त्यानं तिला नावानं पहिल्यांदाच हाक मारली, आणि मारली ती अशी भर टोलीत, नळापाशी. कुणी ऐकलं असतं तर ऐकलं असतं, आता त्याला त्याची पर्वा नव्हती.

तिचे डोळे भरले. तिनं ते लपवले नाहीत.

“भाऊनं जबान देली. त्या लांजीवाल्याची बायको मेली, तीन लेकरं हायेत, लहानगी दोन सालची. भाऊनं मले नेऊन दाखवलं. ते पोट्टी माह्या मांडीवरून उतरे नाही.” तिनं गुंड काखेत घेतला. रिकामाच. “आता नाही म्हनून कसं होईन?”

शालीकरामला पुष्कळ बोलायचं होतं, आणि त्यानं विचारलं ते क्लार्कासारखंच. “तठी पान्याचं कसं हाये?”

“नदी हाये. अर्ध्या कोसावर. पानी भराले कोनीतरी बाई पायजेच होती त्याईले.” एवढं बोलून ती अंगणातून आत गेली. आतून जमुनाबाईनं कोण आहे म्हणून विचारलं, तर कमेटीचा बाबू, नाली पाहाले आला, असं तिचं उत्तर त्याला ऐकू आलं.

अर्धा कोस नदी. तिथं कोणती कमेटी नव्हती, पट्टी नव्हती, बजेट नव्हतं. शालीकरामनं काय वाटेल ते कातरलं असतं आणि कुठंही काट मारली असती, तरी त्या गावाला पायपाचा एक तुकडा पोहोचणार नव्हता. ती तिथं रोज पाणी वाहणार होती आणि ते त्यानंच तिच्या डोक्यावर दिलं होतं.

“बाबू होय का? नलवाले?” पाठीमागून कुणीतरी म्हणालं. एक म्हातारी कमरेवर गुंड घेऊन उभी होती. पाठ पार वाकलेली. “माह्याच्यानं इहिरीतून डोल वढवे नाही जी आता. तुमी नल आनला, लय साजरं केलं. देव तुमचं घर भरो, लेकी-सुना येवोत तुमच्या घरी.”

“हो माय,” शालीकराम म्हणाला.

म्हातारी तशीच उभी राहिली. मग त्याच्या लक्षात आलं की आपण तोटीसमोर उभे आहोत आणि तिला गुंड लावायचा आहे. तो बाजूला झाला.